घंटा गेल्या, ओवी राहिली

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की थोड्याच वेळात मुर्धा येतं. मग राई, मोर्वा, आणि पुढे रस्ता डोंगराच्या कडेनं समुद्राला जातो. माझ्या लहानपणी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरं होती. होळीच्या सुमाराला मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात अशा चमकायच्या की डोळे मिटून घ्यावे लागत. आम्ही आगरी. घरात जातं होतं आणि आजी त्यावर पहाटे दळायला बसायची.

उत्तनची एक ख्रिस्ती कोळीण डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात यायची. ओले बोंबील, पावसाळ्यापूर्वी सुके बोंबील, कधी मांदेली. आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो, आजी तिला 'बाय' म्हणायची. एकदा सकाळी ती लवकर आली तेव्हा आजीचं दळण चाललं होतं. आजीचा खांदा दुखत होता. मावशीनं पाटी ओटीवर उतरवली, पदर खोचला, समोर बसून खुंट्याला हात घातला आणि चार फेरे झाल्यावर ओवी धरली. चाल आजीचीच. ओळ जिथे वळते, जिथे दम घेतला जातो, ती जागाही तीच. फक्त आजीच्या ओवीत विठोबा-रखुमाई असायची आणि मावशीच्या ओवीत मरियामाय होती, तिचा मुलगा होता, त्याच्या अंगावरच्या जखमा होत्या. आजी थांबली नाही. तिनं पुढची ओवी आपली घेतली, मावशीनं त्याच्या पुढची तिची. पीठ पडत राहिलं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. ही ओवी मावशीकडे कुठून आली, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. त्याचं उत्तर शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ते शतकांपूर्वीच्या रक्तपातातून येतं, आणि त्यात एकाही पक्षाचे हात स्वच्छ नाहीत.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं १५३४ साली वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. साष्टी बेट त्यात आलं, आणि मुर्ध्यापासून उत्तन-चौकपर्यंतचा आमचा टापूही. या टापूला तेव्हा धारावी बेट म्हणत. मुंबईची धारावी वेगळी. वसईच्या कोटाला आणि त्यातल्या चर्चना इथल्या डोंगराचा दगड गेला. सैन्यामागोमाग पाद्री आले. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी आपलं चर्च आणि मठ बांधला. आजही त्या लेण्यात गेलात तर जुनं शिल्प तासून त्या जागी कोरलेला क्रूस दिसतो. एका दगडात दोन श्रद्धा इतक्या जवळ आणि इतक्या बळजबरीनं बसलेल्या पाहून मन सुन्न होतं. देवळं पाडली गेली, पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचे हुकूम निघाले, उघड्यावर सण-विधी करायला बंदी आली. सगळेच जुलमानं ख्रिस्ती झाले असंही नाही. कोणी जमिनीसाठी, कोणी सरकारदरबारच्या आधारासाठी, कोणी सोयरीक टिकावी म्हणून, आणि काही जण खरोखर मन वळल्यामुळे त्या वाटेनं गेले. पण ज्या वाटेच्या तोंडाशी तलवार उभी असते, त्या वाटेनं चालणाऱ्याच्या मनाचा खरा कौल कोणाला सांगता येणार? ही गोष्ट लपवून पुढचं काही सांगता येत नाही, म्हणून ती आधी.

आता थोडं दक्षिणेला जायला हवं, कारण मावशीच्या ओवीचा उगम गोव्याच्या साष्टीत आहे. नाव तेच, मुलूख वेगळा. तिथे १५६७ साली पोर्तुगिजांनी शेकडो देवळं पाडली आणि जाळली. त्या आगीचा राग गावकऱ्यांच्या मनात धुमसत राहिला. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला गेलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्यांत रुदोल्फ आक्वाविवा होता, जो नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. त्यांच्याबरोबरचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. पुढे पोर्तुगिजांनी बोलणी करायची म्हणून कुंकळ्ळीच्या सोळा गावकरांना असोळण्याच्या कोटात बोलावलं आणि तिथे त्यांची कत्तल केली. एक जण तेवढा निसटला असं सांगतात.

या साष्टीत त्या वेळी थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट होता. ऑक्टोबर १५७९ मध्ये तो गोव्याला उतरला होता. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, ज्याची पक्की नोंद सापडते असा हा पहिला इंग्रज मानला जातो. मारल्या गेलेल्या सोबत्यांचे देह मिळवून त्यांचं दफन करण्यात त्याचा हात होता. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यानं आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्या पत्रात इथल्या भाषांबद्दल मजकूर आहे. या भाषांचा उच्चार कानाला गोड लागतो आणि त्यांची बांधणी ग्रीक-लॅटिनशी जुळते, असं तो कळवतो. भाषाशास्त्राचे अभ्यासक या पत्राचा उल्लेख करताना ग्रीक-लॅटिनचा भाग सांगतात, तारीख मात्र मागेच राहते. मला ती तारीख फार बोलकी वाटते. ज्यांनी आपल्या माणसांना मारलं त्यांच्या बोलीत त्याला गोडवा ऐकू येत होता, आणि ज्यांच्या बाजूनं तो आला होता त्यांनी त्याच लोकांची देवळं जाळली होती. या दोन गोष्टींच्या मध्ये बसून त्यानं पुढची पस्तीस वर्षं काढली.

ती त्यानं मराठी शिकण्यात घालवली. नुसती व्यवहाराची नव्हे, संतांच्या ग्रंथांची मराठी. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती त्याला विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? तसंच काही आमच्यासाठी का रचत नाही? या एका प्रश्नात त्या माणसाची सगळी पोकळी उभी राहते. देव गेला हे तर झालंच, पण संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकायची गोष्टही गेली, आळवायची चाल गेली. स्टीफन्सनं त्या पोकळीला उत्तर दिलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. मराठीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन लिपीत छापावं लागलं. पण छंद ओवीचा : तीन चरण यमकानं बांधलेले आणि चौथा आखूड, जिथे श्वास विसावतो. ज्ञानेश्वरांनी ज्या साच्यात गीता ओतली, आणि बाया ज्या साच्यात माहेर-सासर ओततात, त्याच साच्यात त्यानं बेथलेहेम आणि कालवारी ओतली. त्यात त्यानं केलेली मराठीची स्तुती आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक आहे. ती स्तुती करणारा माणूस कोणत्या राखेवर बसून लिहीत होता, हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

ख्रिस्तपुराण तीनदा छापलं गेलं : १६१६, १६४९, १६५४. त्याच्या पाठोपाठ एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटानं संत पीटरवर पुराण रचलं. आणि १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यानं येशूच्या दुःखभोगावर एक पुराण लिहिलं. ते आमच्या भागाचं. त्याची मराठी मुंबई-साष्टीच्या बोलीची, मध्येमध्ये पोर्तुगीज शब्दांची पेरणी. पंडिताला ती भाषा ओबडधोबड वाटेल. पण नाकातोंडात खारा वारा गेलेल्या माणसाच्या जिभेवर ती लगेच बसते. चाळिसाच्या उपासात, राखेच्या बुधवारापासून शुभ शुक्रवारापर्यंत, उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत हे पुराण आळवून वाचलं जाई.

पुढे राज्यकर्त्यांचंच मन फिरलं. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. १६७४ नंतर गोव्यातली छपाई जवळजवळ दीडशे वर्षं बंद पडली. आणि १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनानं, एक लांबलचक जाहीरनामा काढून ख्रिस्ती लग्नांतल्या देशी रीती बंद केल्या. हळद, विडा, देशी वाद्यं या सगळ्यांवर घाव आला, आणि त्या यादीत ओव्याही होत्या. लग्नात बायांनी ओव्या म्हणायच्या नाहीत, उघड नाही आणि घरातही नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईच्या ओठावरची ओवीसुद्धा त्या न्यायासनाला धोक्याची वाटत होती. म्हणजे जी ओवी चर्चनं एका हातानं दिली होती, ती दुसऱ्या हातानं काढून घ्यायचा घाट घातला. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो.

त्या जाहीरनाम्यानंतर वर्षभरातच मराठे साष्टीत उतरले.

त्यामागे अंजूरच्या गंगाजी नाईकासारख्या स्थानिक माणसांनी वर्षानुवर्षं पेशव्यांकडे केलेल्या खटपटी होत्या. 'साष्टीची बखर' त्यांच्या तोंडून धर्मछळाची गाऱ्हाणी सांगते. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा कोट पडला आणि दोन वर्षं हा सगळा किनारा जळत राहिला. धारावी बेट मराठ्यांनी घेतलं, पोर्तुगिजांनी परत घेतलं, १७३९ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मराठ्यांनी ते पुन्हा जिंकलं. चौकच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे जे अवशेष आहेत ते या झटापटीचे साक्षीदार. तिथे उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा कोट समोर दिसतो. ही जागा हाती असली की वसईला समुद्रानं येणारी मदत रोखता येत होती. ठाणं परत घ्यायला आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रो द मेलो १७३८ च्या अखेरीस ठाण्यासमोर पडला. त्याच्या जागी आलेला मार्तिन्यु द सिल्व्हेरा वसईत मारला गेला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावले, खिंडारं पाडली, आणि त्या खिंडारांत दोन्हीकडची माणसं अक्षरशः भरली. मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. १६ मे १७३९ रोजी कैतान द सोझा यानं तहावर सही केली आणि आठवड्याभरात पोर्तुगीज बायका-मुलांसह, निशाणं घेऊन, वसई सोडून गेले.

महाराष्ट्राच्या आठवणीत हा चिमाजी अप्पांचा मोठा विजय आहे, आणि तो मोठाच होता. छळलेल्या रयतेला त्या दिवशी मोकळा श्वास मिळाला. पण त्याच दिवशी उत्तनच्या, डोंगरीच्या, भाईंदरच्या, गोराईच्या ख्रिस्ती कोळ्याला आणि कुणब्याला काय वाटलं असेल, हे आपल्या बखरींनी विचारलं नाही. त्याची होडी या दोन वर्षांत कोणी ना कोणी घेतली असणार, त्याचं भात कोणाच्या ना कोणाच्या घोड्यांनी खाल्लं असणार. तो काही लिस्बनचा नव्हता. त्याच्या आज्याची देवळं ज्यांनी पाडली, ते गलबतात बसून निघून गेले होते. त्यांच्या धर्माची खूण अंगावर घेऊन तो इथेच राहिला होता, त्याच मिठाच्या जमिनीवर, त्याच बोलीत.

जेझुइट आणि फ्रान्सिस्कन गेले. मोठी चर्च ओस पडली, छपरांची लाकडं गेली, भिंतींवर पिंपळ रुजले. आणि घंटा गेल्या. वसई-साष्टीच्या चर्चमधल्या पितळी-काशाच्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर चढल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे. मेणवलीची घंटा मी पाहिली आहे. छोट्याशा दगडी मंडपात ती टांगलेली आहे, आणि तिच्या अंगावर बाळाला घेतलेली मरियामाय उठावात कोरली आहे. १७०७ साल आहे. हात लावला तर ऊन पडलेल्या बाजूचं काशाचं अंग गरम लागलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया होत्या. मला वाटलं, जिच्या नादावर कुठल्या तरी गावचे कोळी पहाटे गुडघे टेकत, ती आता कृष्णेच्या पाण्यावर वाजते. इतिहासानं ती आपल्या ताब्यात दिली आहे, पण तिच्या अंगावरच्या आईकडे पाहून हात जोडल्याशिवाय मला परत फिरता आलं नाही.

घंटा नाही, शिकलेला पाद्री नाही, चर्चला छप्पर नाही. अशा वेळी समाज काय धरून राहतो?

मराठी राजवटीनं इथे जे केलं तेही सांगायला हवं. तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक होती आणि काही चर्च त्यांच्याकडे राहिली. गोव्याहून आलेले देशी पाद्री ती सांभाळू लागले. काही घरं पुन्हा हिंदू झाली, बरीचशी ख्रिस्ती राहिली. १७६० च्या सुमाराला आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला. अवेस्ताच्या शोधात सुरतेला आलेला हा माणूस. मराठ्यांच्या ठाण्यात त्यानं ख्रिस्ती लोकांचा सण पाहिला आणि त्यांची मिरवणूक रस्त्यांतून मोकळेपणानं जाताना पाहून त्याला नवल वाटलं. युरोपात त्या काळी वेगळ्या पंथाच्या माणसाला अशी मिरवणूक काढणं सोपं नव्हतं. एवढ्या रक्तपातानंतर वीस-एकवीस वर्षांत हे घडावं, याचं श्रेय मराठी सरदारांच्या सबुरीला द्यायला हवं, तसंच ज्यांनी सूड न धरता आपली मूर्ती खांद्यावर घेतली त्या कोळ्या-कुणब्यांनाही.

पण मिरवणूक वर्षातून एकदा. रोजचं काय? रोजचं होतं ते घरात होतं. एका पाद्र्याकडे अनेक गावं. तो महिन्यातून कधी तरी येणार. मग मिस्सा नसलेल्या रविवारी वडीलधारा माणूस प्रार्थना सांगायचा. मे महिन्यात वाटेवरच्या क्रुसाला फुलं घालून, मेणबत्त्या लावून लदीन म्हटली जायची. लदीन म्हणजे मरियेच्या नावांची माळ : एकानं नाव घ्यायचं, सगळ्यांनी विनवणीचं पालुपद म्हणायचं. आपल्या नामावळीसारखंच. आणि चाळिसाच्या उपासात गिमाराइशचं पुराण. आणि लग्नात, हळद आणि उंबराच्या पाण्याच्या विधीत, घुमटाच्या तालावर बायांची गाणी. इन्क्विझिशननं ज्या ओव्यांवर बोट ठेवलं होतं त्या आमच्याकडे थांबल्या नाहीत. ज्यांनी हुकूम काढला होता त्यांचं राज्यच इथून गेलं. ओव्या म्हणणाऱ्या बाया मात्र इथेच होत्या. घंटेसारखी ओवी उतरवून नेता येत नाही. तिचं छप्पर काढून नेता येत नाही. ती बाईच्या छातीत असते आणि बाई दळत राहते.

याचा पुरावा काय, असं कोणी विचारील. माझ्यापुरता पुरावा हा : १६५९ मध्ये रचलेलं ते दुःखभोगाचं पुराण मुंबईत १८४५ साली पुन्हा छापलं गेलं. मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं गेली. राज्यं तीन झाली. पोर्तुगीज गेले, मराठे आले, डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टी त्यांची झाली. एवढ्या उलथापालथीत लोकांच्या तोंडी नसलेलं पुस्तक, तेही गावठी मराठीतलं, कोणी कशाला छापील? चाळीस दिवस रात्री घरोघरी समईच्या उजेडात कोणी तरी ते आळवत होतं आणि कोणी तरी ऐकून पाठ करत होतं, म्हणून ते छापखान्यापर्यंत पोचलं.

हीच गोष्ट अठराव्या शतकात दक्षिणेला आणखी भयंकर रूपात घडली. गोव्यातून दुष्काळ, लढाया आणि इन्क्विझिशन यांच्या भीतीनं निघालेली हजारो ख्रिस्ती कुटुंबं कानडा प्रांतात, मंगळूरच्या आसपास, स्थायिक झाली होती. त्यांनी सोबत ख्रिस्तपुराण नेलं होतं. फेब्रुवारी १७८४ मध्ये, राखेच्या बुधवारी, टिपू सुलतानानं त्यांना घराघरांतून उचललं. इंग्रजांना सामील झाल्याचा त्यांच्यावर ठपका होता. बायका-मुलं, म्हातारे, सगळ्यांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेलं. आकड्यांवर वाद आहेत, तीस हजारांपासून साठ हजारांच्याही पुढे. वाटेत आणि कैदेत फार माणसं मेली. चर्च जमीनदोस्त झाली. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा पंधरा वर्षांची कैद संपली आणि उरलेले लोक परत मंगळूरला आले. शेतं दुसऱ्यांच्या ताब्यात, पाद्री नाहीत. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत की त्या काळात त्यांचा विश्वास पुराणानं जागा ठेवला. पुस्तकाच्या छापील प्रती तर कधीच संपल्या होत्या. हातानं उतरवलेल्या वह्या होत्या आणि पाठांतर होतं. पुढे शंभरेक वर्षांनी, १९०७ साली, जोसेफ सालदान्हा यांनी मंगळूरमध्ये ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली ती अशा जपलेल्या हस्तलिखितांवरून. छापील मूळ प्रती जगातून जवळजवळ नाहीशा झाल्या असताना मराठीतला हा ग्रंथ कोकणी बोलणाऱ्या, कानडी मुलखात राहणाऱ्या, कैदेतून परतलेल्या माणसांनी वाचवला. आपण मराठी माणसांनी ही गोष्ट मान खाली घालून ऐकावी अशी आहे.

ही गोष्ट आठवली की मला आर्मेनियाच्या कोमितासची आठवण येते. हा पाद्री गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपत असे आणि त्याच सुरांवर त्यानं उपासनेचं संगीत बांधलं. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या सुरुवातीला, २४ एप्रिल १९१५ रोजी, इस्तंबूलमध्ये त्याला पकडलं. कत्तलीतून तो जिवंत सुटला, पण मन मोडलं ते कायमचंच, आणि १९३५ साली पॅरिसच्या इस्पितळात तो गेला. त्यानं टिपलेली कितीतरी गाणी ज्या गावांची होती ती गावंच उरली नाहीत. तरी त्याची उपासना जगभर पांगलेल्या आर्मेनियन चर्चमध्ये गाइली जाते. कत्तलीतून उठणाऱ्या माणसाला प्रवचन ऐकायची ताकद नसते. त्याला ओळखीची चाल लागते, ज्यात त्याच्या मेलेल्या आईचा आवाज मिसळलेला असतो. देव त्या चालीतून परत येतो, आला तर.

म्हणून येशूच्या दुःखभोगाची ओवी आमच्या किनाऱ्यावर का रुजली, याचं मला फारसं कोडं वाटत नाही. पुनरुत्थानाच्या गाण्यांपेक्षा शुक्रवारची गाणी इथे जास्त पाठ आहेत. मार खाल्लेला, नागवा केलेला, आईसमोर मेलेला मुलगा. ज्यांनी १७३७ ते १७३९ ही दोन वर्षं खाडीच्या काठावर काढली, त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्यांच्या शेजारच्या हिंदू घरात, आगऱ्याच्या ओटीवर, जात्यावर बसलेली बाईसुद्धा ओवीत मुलाचं, भावाचं, माहेराचं दुःखच गात होती. तिच्या आज्या-पणज्यांनी पोर्तुगिजांचा जाच सोसला होता. दोन्ही दुःखं एकाच छंदात बसत होती.

पुढचं भराभर सांगून टाकतो. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात मुंबई-साष्टीच्या या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपलं वेगळेपण दाखवायला. नाव इंग्रजी, बोली मराठीच राहिली. १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याला लंडनमध्ये मार्सडेनच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत सापडली. आपल्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद करणारे ॲबट ते हेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आणि उत्तन-वसईच्या चर्चमध्ये मराठी गाणी वेदीपाशी पोचली. तोवर ती दारात, ओटीवर, क्रुसापाशी ताटकळत उभी होती. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्याही आल्या. ख्रिस्ती पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा, असं विचारणाऱ्यांना चारशे वर्षांपूर्वी रायतूरला छापलेल्या त्या ओव्या ठाऊक नसाव्यात. २०२४ च्या जुलैमध्ये दिब्रिटो गेले.

आमची मिठागरं बहुतेक गेली. मुर्ध्याच्या आसपास इमारती आल्या. मेट्रोच्या कारशेडसाठी राई-मुर्धा-मोर्व्याच्या जमिनी जायची वेळ आली तेव्हा आम्ही विरोधात उभे राहिलो, मग कारशेड डोंगरीकडे सरकली आणि तिथली माणसं उभी राहिली. त्या दिवसांत एकमेकांकडे जाणं-येणं वाढलं. एका संध्याकाळी, मे महिन्यात, उत्तनकडच्या एका पाड्यात बैठकीला गेलो होतो. उशीर झाला. परतताना वाटेवरच्या क्रुसाला मोगऱ्याचे गजरे घातलेले होते, खाली मेणबत्त्या, आणि समोर चटईवर पंधरा-वीस बायका. काही लुगड्यात, बऱ्याचशा गाऊनमध्ये, कडेवर मुलं. मागे बोंबलांच्या रिकाम्या वलणी उभ्या होत्या. इथे चर्चला अजूनही जुनी माणसं देऊळच म्हणतात; कोणी तरी मला म्हणालं, देवळातली मिस्सा झाली, आता ही लदीन आटपली की जेवण, बसा.

मी बसलो. लदीन संपल्यावर एका म्हातारीनं एक गाणं धरलं. माझ्या मागच्या तरुण पोरींना ते येत नव्हतं, त्या फोनकडे पाहत गप्प राहिल्या. शेवटच्या आखूड चरणावर म्हातारीचा आवाज खाली उतरला आणि तिथे दम घ्यायला थांबला. तीच जागा. मला पुढची ओळ माहीत नव्हती, पण ती कुठे वळणार हे माहीत होतं. माझा हात नकळत चटईवर गोल फिरला.

शेजारच्या बाईनं ते पाहिलं. "तुमच्याकडं पण हाय का ही चाल?" तिनं विचारलं.

"आजीकडं होती," मी म्हणालो.

तिनं म्हातारीला हाक मारली, "आये, परत एकदा बोल गो. हळू बोल. ह्यांना उतरवून घ्यायचंय."